गृहपाठातील इंग्रजी : प्रमाद, त्यांची कारणे आणि साहाय्याची रीत

विद्यार्थ्यास इंग्रजीच्या गृहपाठात साहाय्य करणे हे काम विद्यापीठीय संशोधनाच्या दृष्टीने गौण समजले जाते. ते घरातील वडील भावंडाने, शिकवणीच्या मास्तरांनी किंवा फार तर अध्यापनशास्त्राच्या अभ्यासकाने करावयाचे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तथापि भाषेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातून बाहेर पडणारे अनेक विद्यार्थी पुढे शिक्षक होतात, आणि अभ्यासक्रम चालू असतानाही धाकट्या भावंडांच्या व शेजारच्या मुलांच्या वह्या त्यांच्यापुढे येतच असतात. त्या वेळी भाषाविज्ञानाचे ज्ञान बाजूस ठेवून केवळ लाल शाईची लेखणी हाती घेतली जाते. या दोहोंची सांगड कशी घालावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी हा विषय इयत्ता पहिलीपासून शिकविला जाऊ लागला. तरीही मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी महाविद्यालयात पोहोचतो तेव्हा त्याच्या इंग्रजी लेखनात ठराविक प्रकारचे दोष आढळतात आणि त्यांवरून त्याच्या बुद्धीविषयी अनुमान काढले जाते. हे अनुमान बहुधा चुकीचे असते. ते का चुकीचे असते हे दाखविण्यासाठी पुढील उतारा नमुन्यादाखल रचला आहे. त्यातील प्रत्येक वाक्य अध्यापकांच्या परिचयाचे वाटेल.

'माय फादर इज टीचर. वुई आर लिव्हिंग इन सातारा सिन्स फाइव्ह यिअर्स. आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स. माय एल्डर ब्रदर टोल्ड मी दॅट आय विल गो टु पुणे टुमॉरो. दो ही वॉज इल, बट ही गेव्ह द एक्झॅमिनेशन. आय डिड नॉट वेन्ट विथ हिम.'

या सहा वाक्यांपैकी एकही सर्वथा निर्दोष नाही. परंतु त्यांतील दोष एकाच जातीचे नाहीत. त्यांची कारणे भिन्न आहेत, आणि म्हणून त्यांवरील उपायही भिन्न असावयास हवेत.

१. प्रमादांकडे पाहण्याची दृष्टी

परभाषा शिकताना होणाऱ्या चुका मातृभाषेच्या सवयींतून उद्भवतात, हा विचार चार्ल्स फ्रीझ यांनी १९४५ साली व त्यांचे सहकारी रॉबर्ट लॅडो यांनी १९५७ साली आपापल्या ग्रंथांत मांडला. दोन भाषांच्या रचना शेजारी ठेवून तुलना केली असता विद्यार्थ्यास कोठे अडचण येईल हे आधीच सांगता येईल, अशी या व्यतिरेकी विश्लेषणाची अपेक्षा होती. ही अपेक्षा काही अंशीच खरी ठरली. १९६७ साली पिट कॉर्डर यांनी चुकांचे दोन प्रकार वेगळे केले. घाईने, थकव्याने किंवा अनवधानाने होणारी चूक हे स्खलन होय. ते विद्यार्थ्याच्या लक्षात आणून दिले की तो स्वतःच सुधारतो. याउलट जी चूक पुनःपुन्हा त्याच पद्धतीने होते आणि दाखवूनही विद्यार्थ्यास ती चूक वाटत नाही, तो प्रमाद होय. प्रमादामागे विद्यार्थ्याने मनाशी बांधलेला एक नियम असतो. तो नियम प्रमाण इंग्रजीचा नसतो आणि पुष्कळदा मराठीचाही नसतो. अशा मधल्या अवस्थेतील भाषेला लॅरी सेलिंकर यांनी १९७२ साली जी संज्ञा दिली, तिचा 'आंतरभाषा' असा मराठी पर्याय देता येतो.

या विचाराचा गृहपाठाशी साक्षात संबंध आहे. स्खलन असेल तर केवळ बोट दाखविणे पुरेसे असते. प्रमाद असेल तर दुरुस्त शब्द वर लिहून दिल्याने काहीही साधत नाही; कारण ज्या नियमातून तो उपजला तो नियम विद्यार्थ्याच्या मनात तसाच राहतो आणि पुढच्या आठवड्याच्या वहीत पुन्हा प्रकट होतो.

२. उपपदांचा प्रश्न

'माय फादर इज टीचर' या वाक्यात 'अ' हे उपपद गळले आहे. मराठीत उपपदे नाहीत, म्हणून मराठी विद्यार्थ्यास निश्चित आणि अनिश्चित यांतील भेद कळत नाही, असे विधान अनेकदा केले जाते. त्यातील पहिला भाग खरा आहे; दुसरा खरा नाही. 'दारात मुलगा उभा आहे' आणि 'मुलगा दारात उभा आहे' ही दोन वाक्ये पाहावीत. पहिल्या वाक्यातील मुलगा ऐकणाऱ्यास अपरिचित आहे, दुसऱ्यातील परिचित आहे. शब्द तेच; केवळ क्रमाने हा भेद व्यक्त झाला. इंग्रजीत पहिल्यासाठी 'देअर इज अ बॉय ॲट द डोअर' आणि दुसऱ्यासाठी 'द बॉय इज ॲट द डोअर' असे म्हणावे लागेल. त्याचप्रमाणे 'ती नोकर शोधते आहे' आणि 'ती नोकराला शोधते आहे' यांतील अंतर मराठी भाषक लहानपणापासून जाणतो. पहिल्या वाक्यातील बाईस कोणीतरी नोकर हवा आहे; दुसरीचा नोकर कोठेतरी गेला आहे. येथे 'अ' आणि 'द' यांचे काम विभक्तिप्रत्ययाच्या अभावाने व अस्तित्वाने केले.

तेव्हा निश्चितता ही कल्पना विद्यार्थ्यास नव्याने शिकवावी लागत नाही. ती मराठीत कोठे दडली आहे ते दाखवून इंग्रजीत ती कोठे ठेवावयाची एवढेच सांगावे लागते. वहीतील नामापुढे उपपद लिहून देण्याऐवजी 'हा मुलगा वाचणाऱ्यास आधीच ठाऊक आहे काय?' असा प्रश्न विचारला, तर बहुतेक ठिकाणी विद्यार्थी योग्य उत्तरापर्यंत स्वतः पोहोचू शकतो.

तथापि सर्व ठिकाणी नव्हे. 'माझे वडील शिक्षक आहेत' या वाक्यात 'शिक्षक' हे विधेय आहे. तेथे परिचित-अपरिचित हा प्रश्नच उद्भवत नाही आणि मराठीत 'एक' घालण्याचीही आवश्यकता नसते. इंग्रजीत मात्र व्यवसायवाचक एकवचनी विधेयनामापूर्वी 'अ' हवाच. हा निव्वळ इंग्रजीचा संकेत होय आणि तो संकेत म्हणूनच सांगितला पाहिजे. 'ॲडव्हाइस', 'इन्फर्मेशन', 'फर्निचर' या नामांचे अनेकवचन होत नाही, हाही तशाच प्रकारचा संकेत आहे. मराठीत 'दोन सल्ले' देता येतात, त्यामुळे 'टू ॲडव्हाइसेस' लिहिणारा विद्यार्थी तर्काला सोडून वागलेला नसतो.

३. काळ आणि कालावधी

'वुई आर लिव्हिंग इन सातारा सिन्स फाइव्ह यिअर्स' या वाक्यात दोन प्रमाद एकमेकांत गुंतले आहेत. 'आम्ही पाच वर्षांपासून साताऱ्यात राहत आहोत' या मराठी वाक्यातील क्रियापद वर्तमानकाळी आहे, कारण राहणे अद्याप चालू आहे. इंग्रजी त्याच घटनेकडे भूतकाळापासून आजपर्यंत पसरलेला विस्तार म्हणून पाहते आणि 'हॅव लिव्ह्ड' किंवा 'हॅव बीन लिव्हिंग' या रूपाची अपेक्षा करते. दुसरा प्रमाद 'सिन्स' या शब्दाचा. मराठीत 'सोमवारपासून' आणि 'पाच वर्षांपासून' ही दोन्ही रूपे एकाच शब्दयोगी अव्ययाने सिद्ध होतात. इंग्रजीत आरंभबिंदूसाठी 'सिन्स' आणि कालविस्तारासाठी 'फॉर' अशी वाटणी आहे. कागदावर एक रेघ ओढून तिच्यावरील बिंदू आणि तिची लांबी वेगवेगळी दाखविली, तर हा भेद पाठांतरावाचून समजतो.

याच प्रकरणात आणखी एक सापळा आहे. 'मी पत्र लिहिले आहे' याचे 'आय हॅव रिटन द लेटर' असे भाषांतर शाळेत शिकविले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु मराठीत 'तो परवाच मुंबईहून आला आहे' असेही सहज म्हणता येते. म्हणजे पूर्ण वर्तमानकाळाबरोबर भूतकाळातील निश्चित दिवसाचा निर्देश चालतो. प्रमाण इंग्रजीस हा संयोग मान्य नाही. 'ही हॅज कम यस्टर्डे' हे वाक्य या फरकातून जन्मास येते. भाषांतराचे समीकरण एकदा पाठ करून सोडून दिले की त्याच्या मर्यादा विद्यार्थ्यास कळत नाहीत.

'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' या तिसऱ्या वाक्याचा दोष मात्र मराठीवर ढकलता येत नाही. मराठीत 'मला दोन भाऊ असत आहेत' असे कोणी म्हणत नाही. येथे विद्यार्थ्याने अपूर्ण वर्तमानकाळाचा नियम त्याच्या मर्यादेबाहेर नेला आहे. तर्कशास्त्राच्या परिभाषेत ही अतिव्याप्ती होय. तिला अध्यापनाचाही हातभार लागण्याचा संभव असतो. वर्गात 'आय ॲम ओपनिंग द डोअर', 'शी इज रायटिंग ऑन द बोर्ड' अशी वाक्ये कृतीसह वारंवार घोकविली जातात, आणि हेच इंग्रजी वर्तमानकाळाचे सामान्य रूप आहे असा ग्रह दृढ होतो. शेवटच्या वाक्यातील 'डिड नॉट वेन्ट' हेही अतिव्याप्तीचेच उदाहरण. भूतकाळ दाखवावयाचा तर क्रियापदाने तो दाखविला पाहिजे, हा नियम विद्यार्थ्याने आत्मसात केला आहे. 'डिड' या सहायक क्रियापदाने ते काम आधीच पार पाडले आहे, एवढे त्याच्या लक्षात आलेले नाही. इंग्रजी मातृभाषा असलेली बालकेही अशा प्रकारची रूपे एका विशिष्ट वयात योजतात. ही प्रगतीची खूण आहे, हे साहाय्य करणाऱ्याने ध्यानात ठेवले पाहिजे.

४. कर्मणी प्रयोग आणि पारिभाषिक गोंधळ

वरील उताऱ्यात नसलेला, परंतु गृहपाठात हटकून येणारा एक विषय म्हणजे 'ॲक्टिव्ह' वाक्याचे 'पॅसिव्ह' करणे. येथे मराठी व्याकरणाची परिभाषाच विद्यार्थ्याच्या मार्गात उभी राहते.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६ सालच्या व्याकरणापासून मो. के. दामले यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत आणि त्यानंतरही मराठी व्याकरणात कर्तरी, कर्मणी व भावे असे प्रयोग मानले गेले. 'रामाने पत्र लिहिले' या वाक्यात क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते, म्हणून हा कर्मणी प्रयोग. या नावास ऐतिहासिक आधार आहे. संस्कृतातील 'रामेण पत्रं लिखितम्' या खऱ्याखुऱ्या कर्मणी रचनेचाच हा वंशज आहे. परंतु आजच्या मराठीत ती रचना कर्त्यास गौण करीत नाही. 'घरी येऊन रामाने आपल्या बहिणीला पत्र लिहिले' या वाक्यात 'येऊन' या क्रियेचा कर्ता रामच आहे आणि 'आपल्या' हे सर्वनामही रामाकडेच वळते. वाक्याचे केंद्र राम आहे, पत्र नव्हे. म्हणून या वाक्याचे इंग्रजी 'राम रोट अ लेटर' असे कर्तृप्रधानच होते.

आता शालेय पुस्तकात इंग्रजी 'पॅसिव्ह व्हॉइस' या संज्ञेस 'कर्मणी प्रयोग' असा प्रतिशब्द दिलेला असतो. 'रामाने पत्र लिहिले' हे कर्मणी, म्हणून त्याचे इंग्रजी 'पॅसिव्ह' असलेच पाहिजे, असा निष्कर्ष विचार करणारा विद्यार्थी काढतो. आणि विचार न करणारा विद्यार्थी दोन्ही विषयांचे नियम स्वतंत्रपणे घोकून परीक्षेपुरता सुटतो. म्हणजे येथे चुकतो तो हुशार विद्यार्थी. इंग्रजी 'पॅसिव्ह'शी जुळणारी मराठी रचना म्हणजे 'पत्र लिहिले गेले' किंवा 'पत्र लिहिण्यात आले' ही होय. मराठी व्याकरणात 'लिहिले गेले' या धर्तीच्या रचनेला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी असे नाव आहे. साहाय्य करणाऱ्याने या प्रसंगी 'कर्मणी' हा शब्द टाळून या दोन वाक्यरूपांचाच आधार घ्यावा.

याहून महत्त्वाचा प्रश्न 'पॅसिव्ह'च्या प्रयोजनाचा आहे. कर्ता अज्ञात असेल किंवा सांगण्याची गरज नसेल, तर मराठीत तो सरळ गाळता येतो: 'हा पूल गेल्या वर्षी बांधला.' इंग्रजीत कर्ता असा गाळता येत नाही. त्यासाठी क्रियापदाचे रूप बदलावे लागते. विद्यार्थी 'धिस ब्रिज बिल्ट लास्ट यिअर' असे लिहितो तेव्हा तो मराठीची ही सवलत इंग्रजीत घेत असतो. जो विद्यार्थी वीस वाक्यांचा 'व्हॉइस' अचूक बदलतो तोच निबंधात हे वाक्य लिहितो, याचे कारण रूपांतराच्या कवायतीत या रचनेची गरज केव्हा पडते हे कधी सांगितलेलेच नसते.

५. वाक्यांची जोडणी

'दो ही वॉज इल, बट ही गेव्ह द एक्झॅमिनेशन' यातील 'बट' अधिक आहे. मराठी मिश्रवाक्याची घडण जोडशब्दांवर उभी आहे: जो–तो, जेव्हा–तेव्हा, जर–तर, जरी–तरी. गौण वाक्याने एक हात पुढे केला की मुख्य वाक्याने तो धरावयाचा, अशी ही रीत आहे. इंग्रजीत सामान्यतः एकाच बाजूचा दुवा पुरतो. 'दो–बट', 'व्हेन–देन', 'ॲज–सो', तसेच 'व्हिच बुक यू गेव्ह मी, दॅट बुक आय लॉस्ट' ही सर्व वरवर असंबद्ध दिसणारी वाक्ये या एका कारणाने उलगडतात. चार ठिकाणी चार दुरुस्त्या करण्यापेक्षा हे एक तत्त्व विद्यार्थ्यास समजावणे अधिक फलदायी होय.

चौथे वाक्य सर्वांत उद्बोधक आहे. 'माय एल्डर ब्रदर टोल्ड मी दॅट आय विल गो टु पुणे टुमॉरो.' व्याकरणाच्या दृष्टीने यात सकृद्दर्शनी काहीही खटकत नाही. म्हणून लाल खूण पडण्याची शक्यता येथेच सर्वांत कमी. परंतु विद्यार्थ्याच्या मनातील वाक्य 'मोठा भाऊ मला म्हणाला की मी उद्या पुण्याला जाईन' असे होते, आणि त्यातील 'मी' म्हणजे भाऊ. मराठीत 'की' या अव्ययानंतर मूळ वक्त्याचे शब्द त्याच्याच सर्वनामांसह ठेवता येतात. इंग्रजीतील 'दॅट' नंतरची सर्वनामे मात्र वृत्तांत सांगणाऱ्याच्या दृष्टिकोनातून योजावी लागतात. परिणामी इंग्रजी वाचकाच्या मते पुण्यास जाणारा भाऊ नसून लेखक स्वतः ठरतो. अर्थाचा असा पालट होत असता ती चूक दृष्टीस पडत नाही, आणि 'अ' गळल्याने अर्थाची काडीमात्र हानी होत नसता तेथे लाल वर्तुळ पडते. 'डायरेक्ट–इनडायरेक्ट' रूपांतराची सारणी पाठ करविण्यापूर्वी 'येथे मी म्हणजे कोण?' हा प्रश्न विचारण्याची सवय लावणे म्हणूनच अगत्याचे आहे.

६. शब्दसंग्रह

शब्दार्थांच्या याद्या पाठ करणे म्हणजे शब्दसंग्रह वाढविणे, हा समज दृढ आहे. यादीतून एका शब्दास एक प्रतिशब्द मिळतो. भाषेत मात्र शब्द सोबत्यांसह वावरतात. मराठी विद्यार्थी परीक्षा 'देतो' आणि शिक्षक ती 'घेतो'. इंग्रजीत नेमके उलट: विद्यार्थी ती 'टेक' करतो आणि शिक्षक 'गिव्ह' करतो. 'ही गेव्ह द एक्झॅमिनेशन' या वाक्याने इंग्रजी वाचकाच्या डोळ्यांपुढे आजारी विद्यार्थ्याऐवजी परीक्षकच उभा राहील. मराठीतील एका 'करणे'साठी इंग्रजीत 'डू होमवर्क' पण 'मेक अ मिस्टेक' अशी फारकत आहे. 'परीक्षेविषयी चर्चा केली' यातील 'विषयी' 'डिस्कस्ड अबाउट' मध्ये उतरतो, आणि 'तिच्याशी लग्न केले' यातील 'शी' 'मॅरिड विथ हर' मध्ये. म्हणून नवा शब्द वहीत एकटा न लिहिता त्याच्या सोबत्यासह लिहावा.

मराठीत रुळलेले इंग्रजी शब्द हा आणखी एक चकवा. मराठी मनुष्य 'हॉटेलात' चहा पिण्यास जातो; इंग्रजीतील हॉटेल हे मुख्यतः मुक्कामाचे ठिकाण आहे. मराठीत परीक्षेत 'कॉपी' करणे हा अपराध आहे, तर इंग्रजीत तो शब्द एरवी निरुपद्रवी आहे. 'लाइट गेली' म्हणजे वीज गेली. हे शब्द आता मराठीचे झाले आहेत आणि त्यांचे मराठी अर्थ मराठीत प्रमाणच आहेत. इंग्रजी लिहिताना तेवढी सावधगिरी हवी.

कोणते शब्द आधी शिकवावेत, याविषयी मार्गदर्शन उपलब्ध आहे. मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सुमारे २००० नित्योपयोगी शब्दांची सूची प्रसिद्ध केली. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली सुमारे ३५ लाख शब्दांच्या शैक्षणिक लेखनसंग्रहावरून ५७० शब्दकुलांची सूची तयार केली. ही शब्दकुले तशा लेखनाचा सुमारे दशांश भाग व्यापतात. महाविद्यालयीन विद्यार्थ्यास दुर्मिळ व अलंकारिक शब्दांपेक्षा यांचा उपयोग अधिक. येथेही मराठीचे ज्ञान साहाय्यास येते. 'अ', 'सम्', 'प्रति', 'पुनर्' या उपसर्गांनी शब्द कसे घडतात हे ज्यास ठाऊक आहे, त्यास 'अन', 'कॉन', 'काउंटर', 'री' यांची कार्ये समजावयास वेळ लागत नाही.

७. लेखन

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांनी इंग्रजीचा अभ्यास केला. त्या परंपरेने वाक्य घोटून घेतले. परिच्छेदाची बांधणी हा तिचा विषय नव्हता. निरनिराळ्या भाषांतील लेखक विचारांची मांडणी वेगवेगळ्या आकृतिबंधांत करतात, असे प्रतिपादन रॉबर्ट कॅप्लान यांनी १९६६ साली केले. त्यावर पुढे बरीच टीका झाली, आणि मराठीच्या बाबतीत तर ते सावधपणेच स्वीकारले पाहिजे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या १८७४ साली सुरू झालेल्या 'निबंधमाले'पासून मराठी निबंध इंग्रजी निबंधाच्या परिचयातच वाढला. म्हणून इंग्रजी निबंधाच्या आरंभी सुभाषित आणि अखेरीस उपदेश घालणारा विद्यार्थी मराठी मनाच्या घडणीमुळे तसे करतो, असे म्हणण्यापेक्षा शाळेत त्यास तसेच लिहिण्याचे वळण लागले असे म्हणणे सयुक्तिक ठरेल. वळण बदलता येते. प्रत्येक परिच्छेद लिहिण्यापूर्वी 'यात सांगावयाचे काय?' या प्रश्नाचे एका मराठी वाक्यात उत्तर लिहून घ्यावे. ज्यास हे वाक्य मराठीत लिहिता येत नाही, त्याची अडचण इंग्रजीची नसून विचाराची आहे. आणि ज्यास ते लिहिता येते, त्याचे अर्धे काम झालेले असते.

८. साहाय्याची रीत

वहीतील प्रत्येक चूक दुरुस्त करावी काय? १९९६ साली जॉन ट्रस्कॉट यांनी लेखनातील व्याकरणदुरुस्ती निष्फळ, किंबहुना अपायकारक असल्याचे मत मांडले. डॅना फेरिस यांनी १९९९ साली त्यास विरोध केला. २००८ साली जॉन बिचनर यांनी 'अ' आणि 'द' यांच्या केवळ दोन उपयोगांपुरती दुरुस्ती करून तिचा परिणाम तपासला. ज्यांना दुरुस्ती मिळाली त्यांची अचूकता वाढली आणि दोन महिन्यांनंतरही टिकून राहिली. यावरून सर्व चुकांवर एकाच वेळी धाड घालण्यापेक्षा मोजक्या चुकांवर लक्ष केंद्रित करणे लाभदायक दिसते.

यास अनुसरून साहाय्याचा पुढील क्रम सुचविता येईल. प्रथम लेखणी हाती न घेता संपूर्ण उतारा अर्थासाठी वाचावा आणि जेथे अर्थ बदलला असेल तेथे विद्यार्थ्यास 'तुला काय म्हणावयाचे होते?' असे मराठीत विचारावे. नंतर चुकांची वर्गवारी करावी: स्खलने विद्यार्थ्याकडे सोपवावीत आणि प्रमादांपैकी एक किंवा दोनच निवडावेत, निवडताना अर्थहानी करणाऱ्यांस अग्रक्रम द्यावा. निवडलेल्या प्रमादाचे मूळ मराठीत असेल तर दोन्ही भाषांतील वाक्ये शेजारी लिहून फरक विद्यार्थ्याकडूनच वदवून घ्यावा. मूळ अतिव्याप्तीत असेल तर त्याचा नियम कोठपर्यंत खरा आहे ते त्यास सांगावे, आणि निव्वळ संकेत असेल तर कारणांच्या शोधात वेळ न दवडता तो संकेत म्हणून द्यावा. शेवटी त्याच रचनेची तीन-चार वाक्ये त्याने स्वतःच्या जीवनातील घेऊन लिहावीत आणि मग मूळ उतारा स्वहस्ते पुन्हा लिहावा.

या क्रमास वेळ लागतो, हा आक्षेप खरा आहे. तयार उत्तर देणे नेहमीच सोपे असते. पूर्वी ते मार्गदर्शिकांतून मिळे. आज संगणकावरील यंत्रणा निर्दोष उतारा क्षणार्धात लिहून देतात. परंतु निर्दोष उतारा मिळविणे हा गृहपाठाचा हेतू कधीच नव्हता. परीक्षेच्या खोलीत, मुलाखतीच्या वेळी किंवा परगावी अर्ज लिहिताना विद्यार्थ्याजवळ त्याने स्वतः कमावलेला नियमच असतो.

उलट दिशेने पाहिले असता हा सर्व विषय अधिक स्पष्ट होतो. मराठी शिकणारा इंग्रज 'मी पुस्तक वाचलो' असे म्हणतो. त्यास 'वाचले' का हवे ते कळत नाही, आणि 'दारात मुलगा' व 'मुलगा दारात' यांतील अंतर त्याच्या कानास जाणवत नाही. त्याला कोणी मंदबुद्धी म्हणत नाही. त्याच्या धडपडीचे कौतुकच होते. साताऱ्याच्या विद्यार्थ्याची 'सिन्स फाइव्ह यिअर्स' ही चूक त्याच जातीची आहे. तिच्याकडे पाहताना तीच न्यायबुद्धी ठेवणे, हे भाषेच्या अभ्यासकाकडून अपेक्षिले तर ते अवास्तव होणार नाही.